मुलींची लस

डॉक्टरांनी मला कॅन्सर असल्याचं सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "पण मी तर सुपारीसुद्धा खात नाही." तो प्रश्न नव्हता. ती तक्रार होती. हॉटेलात न मागवलेल्या पदार्थाचं बिल आलं की माणूस ज्या सुरात बोलतो, तोच सूर माझाही होता. तंबाखू, सिगारेट, दारू या सगळ्यांपासून आयुष्यभर लांब राहिलेल्या माणसाला एक घमेंड असते. माझी केवढी होती ते मला त्या खुर्चीत कळलं.

डॉक्टर म्हणजे एक चिनी बाई होत्या, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी कागदावर घशाचं चित्र काढलं आणि टॉन्सिलभोवती पेनाने गोल केला. म्हणाल्या, हा तंबाखूचा कॅन्सर नाही, एचपीव्ही नावाच्या विषाणूचा आहे. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाशी ज्याच्यामुळे कॅन्सर होतो, तोच हा. पुरुषांच्या घशात बसतो. शरीरसंबंधातून येतो, बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून देतं. "तुमच्या शरीराने ठेवून घेतला," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. पावसाचा अंदाज सांगावा तसं त्या सांगत होत्या.

माझी बायको शेजारी बसली होती. "कधी आला असेल?" तिने विचारलं.

"वीस वर्षांपूर्वी. तीसही असतील. ते कुणालाच सांगता येत नाही."

परतताना एमआरटीत, म्हणजे सिंगापूरच्या मेट्रोत, ती खिडकीकडे तोंड करून बसली. खिडकीबाहेर बोगदा होता. थोड्या वेळाने म्हणाली, "वीस म्हणजे लग्नानंतर आणि तीस म्हणजे लग्नाआधी."

"हो."

दोन स्टेशनं गेली. "मग माझ्याकडूनही आला असेल," ती म्हणाली.

"असेल."

एवढंच. आमच्या ओळखीत याहून किरकोळ गोष्टींवरून महिनोन् महिने अबोला धरलेली जोडपी आहेत. हिने दोन स्टेशनांत विषय मिटवला. त्या दिवशी मला तिचा जो आदर वाटला, तसा कुणा अध्यक्षाचा किंवा प्रमुख पाहुण्यांचा कधी वाटलेला नाही.

रेडिएशन झालं. आजार गेला, असं डॉक्टर म्हणतात. जाताना माझी लाळ आणि चव घेऊन गेला. चव थोडी परत आली, लाळ आली नाही. प्रत्येक घासाला पाणी लागतं. शेवटच्या भेटीला डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी तरुण आहेत का? असतील तर त्यांना लस घ्यायला सांगा. विषाणू गाठण्याआधी घेतली तर उत्तम, पंचविशीपर्यंत घेतली तरी उपयोगाची. मुलगे असले तरी घ्यावी.

आम्हाला मूल नाही. पण एक पुतण्या आहे. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, पंचवीस वर्षांचा, रॅफल्स प्लेसला एका बँकेत कामाला. पुण्याहून आला तेव्हा पहिले काही महिने तो आमच्याकडेच राहिला. हिने त्याला डबे दिले, मी त्याला टाय बांधायला शिकवलं, आणि तो तोआ पायोहला मित्रांबरोबर राहायला गेला तेव्हा आमचं घर इतकं मोठं वाटायला लागलं की आम्ही एक खोली बंदच करून टाकली. माझ्या रेडिएशनच्या दिवसांत तो ऑफिस सोडून मला न्यायला यायचा. हा मुलगा माझ्यासारखा प्रत्येक घासाला पाणी पीत बसू नये, एवढीच माझी इच्छा होती. त्याने दंडात सुई टोचून घ्यायची होती. ठराविक अंतराने परत जायचं होतं. याहून सोपी इच्छा कुठल्या काकाने धरली असेल असं मला वाटत नाही.

एका रविवारी हिने केलेली मटकीची उसळ घेऊन मी त्याच्या फ्लॅटवर गेलो. तिथे तो आणि आणखी दोन मराठी पोरं राहत. दोघेही आयटीतले. स्वयंपाकघराच्या फळीवर डाळ-तांदूळ कमी आणि प्रोटीन पावडरचे डबे जास्त. प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ, ते यांची झोप मोजायचं, पावलं मोजायचं, हृदयाचे ठोकेही मोजायचं. इतकं स्वतःकडे लक्ष देणारी पिढी मी आधी पाहिली नव्हती. म्हटलं, इथे आपलं काम सोपं आहे.

मी विषय काढला.

"काका, ती मुलींची लस असते," पुतण्या म्हणाला.

"मला झाला तो मुलींचा कॅन्सर नव्हता."

त्यांच्यातला उंच पोरगा म्हणाला, "काका, आम्ही तिघंही इतके सज्जन आहोत की लस वाया जाईल."

"याला द्या," दुसरा म्हणाला, "याचं काही होण्याची शक्यता तरी आहे. ॲपवर दोन मुली बोलल्यात याच्याशी."

"एकच रे. दुसरी विमा विकत होती."

हसलो सगळेच. मीही हसलो; मला ती पोरं आवडायची. उंच पोरगा बाटलीत पावडर ढवळत म्हणाला, "पण साइड इफेक्ट काय असतात?"

"दंड दुखतो एक-दोन दिवस."

"मग जिमचं काय?"

"आणि शरीरात उगाच केमिकल कशाला?" दुसऱ्याने विचारलं. तो ज्या डब्यातून पावडर काढत होता, त्यावरच्या पदार्थांपैकी एकही नाव मला वाचता आलं नसतं.

पुतण्याने सगळ्यांत विचारपूर्वक मुद्दा मांडला. तो बँकेत रिस्क विभागात आहे. "काका, शाळेत मुलींना देतात, मुलग्यांना नाही. इथलं सरकार कुंडीत डासांच्या अळ्या आहेत का ते बघायला घरी माणूस पाठवतं. गरज असती तर आम्हाला सोडलं असतं का?"

शिकलेल्या माणसाची ही एक गंमत असते. त्याला काही करायचं नसलं की तो सरकारवर विश्वास ठेवतो.

"तुझं काय ठरलं?" मी विचारलं.

"लग्न ठरलं की बघू ना," तो म्हणाला आणि उसळीचा डबा उघडला.

आता लग्नाकडे येतो. मुलगी मराठी, नाशिकची, इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी. तिचे आईवडील नाशिकला, याचे पुण्याला. तेव्हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम आमच्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत ठरला. मुलाकडचे आम्हीच, मुलगी बसणार तीही आमच्याच सोफ्यावर. वहिनींनी, म्हणजे याच्या आईने, व्हिडिओ कॉलवर हजर राहायचं ठरवलं. "मी फक्त बघणार हं, भाऊजी. बोलणार नाही." आम्ही टॅब फळांच्या टोपलीला टेकवून उभा केला. त्यामुळे वहिनींच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला सगळा वेळ एक ड्रॅगनफ्रूट होतं.

मुलगी आली ती जीन्स आणि कुर्ता घालून, छत्री झटकत. आल्या आल्या हिला म्हणाली, "काकू, मी काही मदत करू का, की आज मी नुसतं बसायचं असतं?" ही हसली. पुतण्याही हसला आणि त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, झालं हे काम.

पोहे आले. मी एक घास आणि एक घोट असं चालू केलं. मुलीचं लक्ष गेलं.

"काका, तिखट झालंय का तुम्हाला?"

"नाही. माझ्या तोंडात लाळ होत नाही. घशाला रेडिएशन झालंय."

"घसा जरा धरला होता त्यांचा," टोपलीकडून वहिनी म्हणाल्या. "आता अगदी बरे आहेत."

"टॉन्सिलचा कॅन्सर?" मुलीने विचारलं.

"हो."

"एचपीव्हीमुळे?"

हॉस्पिटलच्या बाहेर हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारल्याची ती पहिलीच वेळ. तिने तो असा उच्चारला की जणू मी कुठल्या बसने आलो ते ती विचारतेय. मला इतकं हलकं वाटलं की मी घोट न घेताच घास गिळायला गेलो आणि खोकलो.

"आमच्या लॅबमधल्या सरांना तोच झाला होता," ती म्हणाली. "ते आता बरे आहेत. पण त्यानंतर लॅबमधले आम्ही सगळे जाऊन लस घेऊन आलो. मुली, मुलं, सगळे एकदम. सुईला मुलंच घाबरली. मग सगळे मिळून जेवायला गेलो." आणि ती पुतण्याकडे वळली. "तू घेतलीस?"

"कोणती?"

"एचपीव्हीची."

"ती मुलींची असते ना?"

"मुलींची नसते रे. व्हायरसची असते."

पुतण्या हसला, ती हसली. ही आणखी पोहे घ्यायला आत गेली. टॅबमधून आवाज आला नाही. मी समजलो, नेटवर्क गेलं.

मुलगी गेल्यावर पुतण्या म्हणाला, "छान आहे. स्पष्ट बोलते."

"मग?"

"मग काय. आवडली." त्याने उरलेले पोहे कढईतूनच खाल्ले. मी त्या दुपारी गाढ झोपलो. मला वाटलं होतं, एका दगडात माझी दोन्ही कामं झाली. बायको मिळेल आणि ती याला हाताला धरून सुईपर्यंत नेईल.

संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, मुलगी हुशार आहे. दिसायलाही चांगली आहे. पण ती लस?"

"त्याचं काय?"

"का घेतली असेल तिने?"

"कॅन्सर होऊ नये म्हणून."

"पण तो कशाने होतो ते मला माहीत आहे. मी बीएस्सी आहे, भाऊजी."

मी सांगितलं, वहिनी, कांजिण्यांची लस घेतली म्हणजे कांजिण्या झाल्या होत्या असं नाही. हेल्मेट घातलं म्हणजे माणूस आपटला होता असंही नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या चांगल्या बाई आहेत, माझ्या आजारपणात त्यांनी उपास केले होते. मग म्हणाल्या, "ते सगळं खरं. पण चांगल्या घरातल्या मुलीला तो व्हायचाच कशाला?"

आपण कुणाशी बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"तुमचं वेगळं आहे," त्या घाईने म्हणाल्या. "तुम्हाला तंबाखूने झाला."

"मी तंबाखू कधी खाल्ला नाही."

"कॉलेजात असताना खाल्ला असाल. तेव्हा सगळेच खायचे. थांबा, हे तुमच्याशी बोलतात." फोनवर दादा आला. "तब्येत कशी आहे?" त्याने विचारलं. बरी आहे म्हणालो. "सांभाळ," तो म्हणाला आणि फोन परत वहिनींकडे गेला.

मुलीकडे निरोप गेला की पत्रिका जुळत नाही. आमच्या घरात पत्रिका कुणी बघत नाही. माझ्या वडिलांनी पत्रिकांविरुद्ध भाषणं केली होती. पण नकार द्यायचा झाला की ग्रहांइतकं सभ्य कुणी नाही, ते उलट विचारायला येत नाहीत. त्या मुलीचा मला मेसेज आला. "काका, पत्रिकेचं कळलं. तुम्ही गिळायचे व्यायाम करत राहा, कंटाळा करू नका." मी "करतो" एवढंच लिहिलं. आणखी काय लिहिणार? लशीचं ते वाक्य तिच्या तोंडून निघालं कारण मी पाणी पीत होतो.

मी पुतण्याला गाठायला तोआ पायोहला गेलो. हॉकर सेंटरमध्ये, तिथल्या खाऊगल्लीत, बसलो. तो सरळ ऑफिसातून आला होता, गळ्यात बँकेचा पास लटकत होता.

"तुला आवडली होती ना?"

"होती."

"मग?"

"आई म्हणते, एकदा मनात किंतू आला की संसार होत नाही."

"किंतू तुझ्या मनात आलाय की आईच्या?"

तो चहा ढवळत बसला. इथे चहात कंडेन्स्ड मिल्क खाली बसलेलं असतं, ढवळायला निमित्त पुरतं. "काका, खरं सांगू का? तिने लस घेतली त्याचं मला काही नाही. पण ती मला विचारते कशी बघा ना. तू घेतलीस का. पहिल्याच भेटीत. म्हणजे तिला माझ्याबद्दल शंकाच आली ना?"

"शंका नाही रे. काळजी."

"तुम्ही रागावू नका, पण मी त्या टाइपचा नाही."

"कुठल्या टाइपचा?"

त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलं. रेडिएशनने तिथली कातडी अजून काळपट आहे. मग लगेच नजर खाली केली आणि चहा प्यायला लागला. तो ओशाळला होता, हे मी शपथेवर सांगेन. पण त्याने पाहिलं, आणि कुठे पाहिलं ते मी पाहिलं.

एखादा कर्ज मागायला आलेला माणूस त्याच्यासमोर बसून म्हणाला असता की साहेब, मी बुडवणाऱ्या टाइपचा नाही, तर माझ्या पुतण्याने त्याला चहासुद्धा पाजला नसता. हा मुलगा दिवसभर हेच करतो. जे अजून घडलेलं नाही त्याची शक्यता धरून चालायचं, कुणाच्या चेहऱ्यावर जायचं नाही. संध्याकाळी सहाला तो हे सगळं ऑफिसात ठेवून येतो.

मी आजारपण लपवलं नाही, त्याला खरं सांगितलं, म्हणजे तो सावध होईल असं मला वाटलं होतं. झालं ते उलटं. माझा कॅन्सर त्याच्या लेखी माझ्या चारित्र्याचा दाखला होता. त्याचं चारित्र्य चांगलं होतं, म्हणून त्याला लशीची गरज नव्हती. मी जितकं जास्त सांगत गेलो तितका तो सुरक्षित होत गेला.

पुढे आमच्या मराठी मंडळाने माझा सत्कार केला. मी नको म्हटलं होतं, पण सत्कारमूर्तीचं म्हणणं विचारात घेण्याची प्रथा नाही. मागच्या फलकावर "कर्करोगावर मात करणारे योद्धे" असं बहुवचन होतं. व्यासपीठावर मी एकटाच होतो. सिंगापुरात शाल फक्त सत्काराला आणि थंडगार सभागृहात लागते. त्या दिवशी दोन्ही होतं, त्यामुळे तिचा उपयोग झाला. सूत्रसंचालकांनी माझा परिचय वाचला. "एकेकाळी तंबाखूच्या विळख्यात सापडलेले आणि जिद्दीने बाहेर पडलेले..." परिचय कुणी पुरवला ते मला विचारावं लागलं नाही. पुतण्या मंडळाच्या युवा समितीत होता आणि मागच्या रांगेत बसला होता.

रेडिएशननंतर माझा आवाज फाटका झालाय. तरी मी माईक हातात घेतला. "मी तंबाखू कधीच खाल्लेला नाही," मी म्हणालो. सभागृह हसलं. मी वर्षानुवर्षं मंडळाच्या कार्यक्रमांत तिरकस बोलत आलोय, त्यांना वाटलं हेही त्यातलंच. मी हसू थांबायची वाट पाहिली. मग विषाणूचं नाव घेतलं, तो पुरुषांच्या घशात काय करतो ते सांगितलं, आणि म्हणालो, "ही लस मुलग्यांनी घ्यायची आहे. मी मागच्या रांगेशी बोलतोय." पुढच्या रांगेतल्या बायकांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मागच्या रांगेतली काही मुलं जेवणाचे डबे लावायला उठली होती. बाकीची फोनमध्ये होती.

सूत्रसंचालक माईकजवळ आले. "महिलांच्या आरोग्याविषयी सरांनी अतिशय मौलिक विचार मांडले. आमच्या महिला विभागाने येत्या हळदीकुंकवाला या विषयावर व्याख्यान ठेवावं, अशी मी सूचना करतो." टाळ्या झाल्या.

आणि व्याख्यान खरोखरच झालं, हळदीकुंकवाला. आमची मंडळी शब्दाची पक्की आहेत. हळदीकुंकू असल्यामुळे तिथे अर्थातच एकही पुरुष नव्हता. तरुण मुलग्यांनी घ्यायच्या लशीची माहिती सवाष्णींना तिळगुळाबरोबर देण्यात आली. ही गेली होती. परत आल्यावर मी विचारलं, कसं झालं?

"चांगलं झालं. आयांनी पुष्कळ प्रश्न विचारले. सगळे मुलींबद्दल."

"मुलांबद्दल एकही नाही?"

"एकीने विचारलं, माझ्या मुलाला देऊ का म्हणून. बाकीच्या हसल्या. मग तीही हसली." वाणात मिळालेला स्टीलचा डबा तिने ओट्यावर ठेवला.

वर्षभरात पुतण्याचं लग्न ठरलं. मुलगी साताऱ्याची, घरच्यांच्या ओळखीतली, नुकतंच शिक्षण संपलेलं. साखरपुडा झाल्यावर मी त्याला फोन केला. अभिनंदन केलं. मग म्हणालो, "लग्न ठरलं की बघू म्हणाला होतास."

"काय?"

"लस."

"काका!" तो हसला, प्रेमाने हसला. "आता काय गरज? आता तर आम्ही दोघंच ना?"

म्हणजे लग्नाआधी घ्यायची नाही, कारण आपण तसले नाही. आणि लग्नानंतर घ्यायची नाही, कारण आता आपण लग्न झालेले. या दोन्हींच्या मध्ये लशीसाठी जागाच राहत नव्हती. मी त्याला पुन्हा विचारलं नाही. विचारायचं कसं तेच मला कळेना. त्या मुलीला कोण विचारणार? तिच्या माहेरी या गोष्टीचं नावही कुणी घेतलं नसणार, आणि सासर कसं आहे ते मला ठाऊक होतं.

लग्नानंतर महिन्याभराने ती इथे आली आणि दोघं एका रविवारी आमच्याकडे जेवायला आली. दारात, चपला काढताना, पुतण्या माझ्या कानाशी आला. "काका, तो विषय आज नको हं. प्लीज." मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, ते मलाही सांगता येणार नाही.

मुलगी शांत होती. एमआरटीची तिला भीती वाटत नव्हती पण सरकत्या जिन्याची वाटत होती, इथले जिने फार भरभर पळतात म्हणाली. हिने केलेली आमटी तिने दोनदा घेतली. माझ्याकडे मधूनमधून पाहत होती. शेवटी धीर करून म्हणाली, "काका, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचार ना."

"तुम्ही तंबाखू सोडलात कसा? माझे बाबा खातात. कितीही सांगितलं तरी ऐकत नाहीत. तुमचं उदाहरण सांगून बघावं म्हटलं."

पुतण्या ताटात बघत होता. मी भातावरचा हात काढला. ही मुलगी चोवीस वर्षांची होती. तिला लस अजून घेता आली असती, आणि तिने स्वतःहून मला प्रश्न विचारला होता. उत्तर द्यायला एक वाक्य पुरलं असतं.

"पुष्कळ वर्षं खायचे," माझी बायको म्हणाली. "फार वाईट सवय. सुटता सुटत नव्हती. शेवटी मी डब्या फेकून दिल्या." आणि तिने मुलीच्या ताटात भात वाढला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. लिंबू हवं का, असं ती पुतण्याला विचारत होती.

"डब्या फेकून दिल्या," मुलीने स्वतःशी म्हटलं. आईला कळवायचं असावं.

ती दोघं गेल्यावर मी भांडी आत नेऊ लागलो. ही ओट्याशी उभी होती.

"तू का बोललीस?"

"तुम्ही बोलणार होतात म्हणून."

"तिने लस घेतली असती. अजून वय आहे तिचं."

"घेतली असती. मग सासूने विचारलं असतं, का घेतलीस. नवऱ्याने विचारलं असतं, माझ्यावर संशय आहे का. आधीची मुलगी निदान नकार घेऊन सुटली, अहो. हिचं लग्न झालंय. ही कुठे जाणार होती?"

"आणि आजार झाला तर?"

ती बराच वेळ ताटं विसळत राहिली. एमआरटीत दोन स्टेशनांमध्ये तिने जे केलं होतं, ते ती आता पुन्हा करेल असं मला वाटत होतं. ती एखादं वाक्य बोलेल आणि सगळं जागेवर येईल. तिने नळ बंद केला, हात पुसले.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

तेवढ्यात पुतण्याचा मेसेज आला. जेवण फार छान झालं, काकूंना सांगा. त्याखाली त्याने वेगळ्या ओळीत "थँक यू काका" असं लिहिलं होतं. कशाबद्दल ते लिहिलं नव्हतं.